सांबरशिंग

आमच्या आजीच्या बटव्यात वेखंड, जायफळ आणि मुरुडशेंग यांच्या सोबतीला, एका अंगाने झिजून गुळगुळीत झालेला सांबरशिंगाचा बोटभर तुकडा असे. आणि घरात कोणाच्या बरगडीत कळ निघाली, की तो सहाणेवर उगाळून त्याचा पांढुरका लेप ऊन करून छातीवर घातला जाई. आयुर्वेदानेही मृगशृंगभस्माची योजना पार्श्वशूल आणि हृच्छूल यांवर सांगितली आहे. हे शिंग रानातून घरात येते कसे, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

मराठीत काळविटाचेही शिंगच आणि सांबराचेही शिंगच. वस्तुतः दोहोंची जात निराळी. काळविटाचे शिंग म्हणजे अस्थीच्या गाभ्यावर चढलेले, नखाच्या द्रव्याचे, आजन्म टिकणारे कवच. सांबराचे, चितळाचे वा भेकराचे शिंग मात्र शुद्ध हाड, केवळ नराच्याच मस्तकी उगवणारे आणि गळून पुन्हा नव्याने फुटणारे. कोवळेपणी त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली त्वचा असते. ती वाळली, की नर झाडाच्या बुंध्यावर शिंगे घासून ती उतरवतो. मार्गशीर्षाच्या सुमारास सांबराचा माजाचा काळ सरला, की रक्तातील नरत्वाचा अंतःस्राव ओसरत जातो, शिंगाच्या मुळाशी अस्थी विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि चैत्र-वैशाखात केव्हातरी, ज्या आयुधाने त्याने झुंजी दिल्या, ते आपल्याच भाराने निखळून पडते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की नवे शिंग वाढत असता रोजच्या चाऱ्यातील चुना अपुरा पडतो आणि हरिण तो स्वतःच्या सांगाड्यातून, विशेषतः बरगड्यांतून, उसना घेते. उत्तर अमेरिकेतील हरणांच्या अभ्यासात हे सिद्ध झालेले आहे. बरगड्या झिजवून उभे राहिलेले हे हाड आमच्या घरी बरगड्यांच्याच दुखण्यावर झिजत होते, हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

सातपुड्यात ही शिंगे गळतात तो हंगाम मोहफुले वेचण्याचा. पहाटे टोपली घेऊन निघालेल्या माणसाला पाचोळ्यात शिंग सापडे ते बहुधा एकच. कारण दोन्ही शिंगे एकाच वेळी गळतात असे नाही, मध्ये काही तास किंवा दिवसही जातात, आणि तेवढ्यात सांबर दुसऱ्या खोऱ्यात उतरलेले असते. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने शिंगांना मध, मेण आणि रेशमाच्या कोशांसह एकाच कलमात 'वनोपज' म्हणून बसवले, म्हणजे ती सरकारी हिशेबात धरण्याची जिन्नस होती. सांबरशिंगात आतला सच्छिद्र गर थोडा आणि घट्ट हाड अधिक, म्हणून इंग्लंडातील शेफील्डचे कारागीर सुऱ्यांच्या मुठींसाठी त्याला विशेष पसंती देत.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा अंमल पालटला: असे शिंग शासनाची मालमत्ता ठरले, आणि ते हाती आल्यास 48 तासांच्या आत वर्दी देणे बंधनकारक झाले. गळालेल्या शिंगांच्या तयार वस्तूंना निर्यातीची सवलत त्यानंतरही काही काळ होती. पुढे तीही बंद झाली. मोह वेचणाऱ्या गरिबावर हा जाबता कठोर आहे, हे मी जाणतो. तरीही तो मला न्याय्य वाटतो. गळालेल्या शिंगाचे मूळ खडबडीत आणि किंचित फुगीर असते, मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा अंश चिकटलेला असतो. परंतु तासून त्याची मूठ झाली, म्हणजे ते कोणत्या वाटेने आले हे ओळखण्याची खूणच नाहीशी होते.

शिवाय रानातही या हाडाला धनी आहेत. एका वैशाखात मेळघाटात वनरक्षकाबरोबर हिंडताना सागाच्या पानांत सांबराचे एक शिंग दिसले. टोके नाहीशी झाली होती, आणि उरलेल्या भागावर साळिंदराच्या दातांच्या समांतर चरी ओळीने उमटल्या होत्या; चुना आणि स्फुरद यांच्यासाठी साळिंदर असे हाड रात्रीमागून रात्री कुरतडत राहते. त्या चरींवरून मी बोट फिरवले. त्यांचा स्पर्श आजीच्या तुकड्याच्या झिजलेल्या अंगासारखा मुळीच नव्हता. तो खरखरीत आणि ताजा होता. वनरक्षकाने पायाने पाने सारून शिंग पुन्हा झाकले, आणि आम्ही पाणवठ्याकडे उतरलो.