पाटणच्या दगडावरचं पळीभर तेल

चाळीसगावात कुणालाही विचारा, "आपल्याकडे बघण्यासारखं काय आहे?" उत्तर ठरलेलं: पाटणादेवी. गावापासून साधारण १८ किलोमीटर, डोंगराच्या कुशीत, गौताळा अभयारण्यात. आपण जातो, दर्शन घेतो, धबधब्यापाशी रील काढतो आणि घरी येतो. आजच्या भागात त्याच पाटणमधल्या एका दगडाची गोष्ट सांगतो.

पाटणच्या देवळात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली त्याची माहिती छापली आणि हे आडबाजूचं गाव अभ्यासकांना माहीत झालं. लेखाचं साल आहे १२०७. म्हणजे देवगिरीवर यादव राजा सिंघण होता तेव्हाचं.

आता तुमच्या व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड नक्की आला असेल: "थोर गणिती भास्कराचार्य आपल्या पाटणचे!" यात खरं किती? भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. लीलावती ज्याचा भाग आहे तो 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी ११५० मध्ये लिहिला. आपलं गाव ते विज्जलविड असं सांगतात, सह्याद्रीच्या पायथ्याचं. हे विज्जलविड नेमकं कुठलं, यावर अभ्यासक आजही भांडतात.

मग दगड काय म्हणतो? तो जन्माचं काहीच बोलत नाही. तो सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. या भागावर राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्या मठाला दान दिलं.

इथपर्यंत लेख संस्कृतात आहे. पण शेवटी, जिथे पैशाचा हिशेब येतो, तिथे भाषा बदलते आणि चक्क मराठी सुरू होते! कारण साधं असावं: ज्यांनी द्यायचं, त्यांना ते कळायला हवं. पाटणच्या बाजारात माल विकला गेला की राजाला जाणारा कर मठाला. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येकाकडून एकेक पळी तेल.

घाणा आणि पळी. आठशे वर्षं झाली, तरी हे शब्द तुमच्या आजीला समजावून सांगावे लागत नाहीत.

मला वाटतं, खरा अभिमान इथे आहे. भास्कराचार्य जन्मले कुठे, हा वाद चालू द्या. पण त्यांचं गणित पुढच्या पिढीला शिकवायचा खर्च या गावाच्या बाजाराने उचलला, तेल्यांनी उचलला. हे दगडावर कोरलेलं आहे. फॉरवर्डमध्ये मात्र ते कधीच येत नाही.

तुमच्याही गावात असा दगड असू शकतो. वीरगळ, पारावरची मूर्ती, विहिरीतला लेख. मग काय करायचं? सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. उन्हाची तिरीप बाजूने पडली की अक्षरांच्या खाचांत सावली बसते आणि साध्या मोबाईलवरही फोटो स्पष्ट येतो. खडू, पीठ, तेल, शेंदूर काही लावू नका. त्याने अक्षरं बुजतात किंवा झिजतात. फोटोसोबत गाव, जागा आणि तारीख लिहून ठेवा. गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करा, ते रेकॉर्ड करा. पण "लोक सांगतात" आणि "दगडावर लिहिलंय" हे दोन कप्पे वेगळे ठेवा. १८८० चं खानदेशचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात आपल्या गावाचं नाव शोधून बघा.

आणि हो, पाटणला पुढच्या वेळी गेलात, तर भिंतीवर बदाम काढून नाव कोरणाऱ्या मित्राचा हात धरा. तिथे कोरायचं होतं ते १२०७ मध्येच कोरून झालंय. आपलं काम वाचायचं.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, फिरत राहा!