एक किलो म्हणजे किती लिटर?

पहाटे ४.१५. हडपसर. तिची स्कूटर तिसऱ्या किकला सुरू होते. मी मागे बसतो. तिच्या सॅकमध्ये लॅपटॉप, दोनशे पानी वही, दोन पेनं. पेट्रोलचे पैसे कंपनी देते, चहाचे नाही. तिचा पगार बेचाळीस हजार. काम एकच: सॉफ्टवेअर बनण्याआधी ते काय करणार ते लिहून काढायचं. ऑफिसात या कागदाला एसआरएस म्हणतात. घरी तिची आई सांगते, कॉम्प्युटरमध्ये आहे.

५.४०. दौंड तालुक्यातलं दूध संकलन केंद्र. सॉफ्टवेअर यांच्यासाठीच बनायचंय. पत्र्याची शेड, ओली फरशी, किटल्यांची रांग. सचिव नमुना घेऊन यंत्राच्या नळीखाली धरतात. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) दिसतं. दूध काट्यावर. ती पायरीवर बसून नुसती बघते. मध्येच लाइट जाते. सचिव न बोलता जुनी वही ओढतात आणि हाताने लिहायला लागतात. ती टिपून घेते.

एक आजी दोन किटल्या घेऊन येतात. एक गाईची, एक म्हशीची. सभासद नंबर एकच. एसआरएसच्या आधीच्या मसुद्यात दुसरी नोंद ‘डुप्लिकेट’ म्हणून उडणार होती. म्हणजे आजींचं म्हशीचं दूध फुकट.

८.१०. रांग संपली. दहा रुपयांचा चहा.

“काका, काटा किलोत दाखवतो. दर तर लिटरचा.”

“१.०३ नं भागायचं.”

“हे कुठं लिहिलंय?”

“त्यात लिहायचं काय, ताई? माहीतच असतंय की.”

हे उत्तर मिळालं की तिचं पेन धावतं. ४१.२ किलो म्हणजे ४० लिटर. किलोलाच लिटर धरलं तर कॅनमागे १.२ लिटरचा घोळ. ३५ रुपये दराने ४२ रुपये. रोज, दोन वेळा.

१२.३०. ऑफिस. डबा खाता खाता टायपिंग. कंपनीचा साचा आयईईई ८३०चा, १९९८ सालचा. २०११मध्ये त्याच्या जागी २९१४८ हे मानक आलं, पण फाइल तीच चालते. ‘पावती लवकर मिळावी’ हे वाक्य ती खोडते. लवकर म्हणजे किती? ‘आकडे आल्यापासून तीन सेकंदांत पावती छापली जाईल.’ आता घड्याळ लावून बघता येईल.

किलो-लिटरसारखाच एककांचा घोळ: १९९९च्या सप्टेंबरात नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत आकडे देत होतं, पुढच्याला ते न्यूटन-सेकंदांत हवे होते. एकक कागदावर ठरलेलं होतं, नीट तपासणं राहिलं, हे मला जास्त बोचतं. म्हणून ती प्रत्येक कलमाखाली ते तपासायचं कसं, हेही लिहिते. किलो-लिटरच्या कलमाखाली: ‘४१.२ टाका, ४०.०० दिसलं पाहिजे.’

४.००. मीटिंग. एका नंबरवर दोन नोंदी ऐकून डेव्हलपर चिडतो. टेबलांची रचना बदलावी लागणार. कोड अजून लिहिलेला नाही, म्हणून नुसता चिडतो. अर्ध्या दिवसाचं काम.

७.२०. फोन. सचिव.

“ताई, एक राहिलं. पेंडीची उचल दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातनं कापतो. पण पोळ्याच्या पगारातनं नाही कापत.”

“कुठला पोळा, काका? श्रावणातला की भाद्रपदातला?”

“आमचा भादव्यातला. पलीकडच्या केंद्रावर श्रावणातला.”

बंद केलेला लॅपटॉप ती पुन्हा उघडते. कलम ४७. सणाची तारीख प्रत्येक केंद्राची वेगळी.