लोकसंख्या शून्य, मेयर एक

कारभार दूरदेशीच्या गावांचा : लेखांक 6

ईशान्य फ्रान्समध्ये व्हर्दून शहराजवळ फ्लरी-दवां-दुओमाँ नावाचं गाव आहे. आहे म्हणायचं ते कागदावर. पहिल्या महायुद्धाआधी तिथे चारशेवर माणसं राहत होती. 1916 च्या उन्हाळ्यात हे गाव आलटून पालटून सोळा वेळा जर्मनांच्या आणि फ्रेंचांच्या हाती गेलं आणि तोफांनी ते असं नांगरून काढलं, की धड भिंत म्हणून उरली नाही. जमिनीत न फुटलेले तोफगोळे आणि प्रेतं इतकी, की युद्धानंतर तिथे पुन्हा वस्ती होऊ द्यायची नाही असं ठरलं. आज तिथे झाडी आहे. खाचखळग्यांतून पायवाटा गेल्या आहेत आणि त्यांच्या कडेने खुणेचे खुंट रोवले आहेत: इथे बेकरी होती, इथे लोहार, इथे कुणा शेतकऱ्याचं घर.

या गावाला आजही मेयर आहे. मतदारच नाहीत तर निवडणूक कसली, म्हणून प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला जिल्ह्याचा प्रमुख, तीन जणांची समिती नेमतो आणि तिच्या अध्यक्षाकडे मेयरचे अधिकार असतात. व्हर्दूनच्या परिसरात अशी एकही माणूस नसलेली सहा गावं आहेत. फ्रान्ससाठी मरण पावलेली गावं म्हणून त्यांचा अधिकृत गौरव झाला आणि त्यांची कम्यून कधीच खालसा झाली नाही.

कम्यून हा फ्रेंच कारभाराचा सर्वांत खालचा, स्वतःचं निवडलेलं मंडळ असलेला घटक. पॅरिस ही एक कम्यून आणि द्रोम भागातलं रोशफुर्शा हीसुद्धा एक कम्यून. या रोशफुर्शात जनगणनेला वर्षानुवर्षं एकच रहिवासी सापडत आला आहे. दक्षिणेतल्या आर्लची कम्यून 750 चौरस किलोमीटरहून मोठी, तर बोर्दोच्या बाजूची कास्तेलमोराँ-दाल्ब्रे जेमतेम साडेतीन हेक्टरची. चहा निवायच्या आत तिला फेरी मारून होईल. कायद्यापुढे दोघींचा दर्जा एक. देशात अशा सुमारे 35,000 कम्यून आहेत. फ्रान्सपेक्षा लोकसंख्येने मोठ्या असलेल्या जर्मनीत गावं-शहरं मिळून असे घटक अकरा हजारांच्या आसपास भरतात. फ्रान्समधल्या निम्म्याहून जास्त कम्यूनमध्ये पाचशेसुद्धा माणसं नाहीत.

हे इतके बारीक तुकडे कुणी पाडले? क्रांतीने, असं शाळेत शिकवतात. पण खरं तर क्रांतीला ते पाडायचे नव्हते. 1789 मध्ये संविधान सभेत तूरे नावाच्या सभासदाने आखीवरेखीव योजना मांडली होती: देशाचे ऐंशीएक चौकोनी देपार्तमाँ, म्हणजे साधारण जिल्हे, आणि प्रत्येकात नऊ मोठ्या कम्यून. एकूण सातशेच्या घरात. त्याच सभेतला मिराबो विरोधात उभा राहिला. पट्टी घेऊन नकाशावर रेघा मारण्यापेक्षा माणसं जिथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतात ती गावं धरा, असा त्याचा रोख होता. अखेर 14 डिसेंबर 1789 च्या कायद्याने प्रत्येक शहराला, कसब्याला आणि चर्चच्या प्रत्येक पॅरिशला स्वतःची नगरपालिका मिळाली. ज्या चर्चची सत्ता क्रांतीला मोडायची होती, त्याच चर्चच्या शिवा तिने जशाच्या तशा उचलल्या. 1792 मध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदवह्याही पाद्र्याच्या कपाटातून मेयरच्या टेबलावर आल्या.

सहा वर्षांतच राज्यकर्त्यांना पश्चात्ताप झाला. 1795 च्या संविधानाने पाच हजारांखालच्या कम्यूनचा कारभार कँटन या मोठ्या घटकाकडे नेला. तो प्रयोग साफ फसला. 1800 मध्ये नेपोलियनने कम्यून परत जागेवर आणल्या. फक्त मेयर निवडायचा अधिकार गावाकडे न ठेवता स्वतःच्या सरकारकडे घेतला. तो गावाच्या निवडलेल्या मंडळाकडे कायमचा यायला 1884 चा कायदा उजाडावा लागला. प्रत्येक कम्यूनला स्वतःची कचेरी हवी, हेही त्याच कायद्यातलं. त्याच सुमारास शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, त्यामुळे अनेक गावांनी एकाच खर्चात दोन्ही उरकलं. मधोमध कचेरी, एका अंगाला मुलांची शाळा, दुसऱ्या अंगाला मुलींची, दर्शनी भिंतीवर घड्याळ: फ्रान्सच्या ग्रामीण भागात ही इमारत अजूनही जागोजाग दिसते. शाळा बऱ्याच ठिकाणी बंद पडली. कचेरी चालू आहे, आठवड्यातून दोन अर्धे दिवस का होईना.

त्या दोन अर्ध्या दिवसांत कचेरीत भेटते ती सचिव. बहुतेक ठिकाणी ती बाईच असते आणि एकटीच दोन-तीन गावांचं काम पाहते. अर्थसंकल्प, मतदारयादी, स्मशानातल्या जागेचा करार, बांधकामाचा अर्ज, सगळं तिच्या हातून जातं. मेयर बदलतात, ती राहते. मेयर स्वतः बहुधा शेतकरी किंवा निवृत्त नोकरदार. निळा-पांढरा-लाल पट्टा खांद्यावरून घेऊन तो लग्न लावतो, कारण फ्रान्समध्ये कायद्याने लग्न होतं ते कचेरीत; चर्चमधला सोहळा हौसेचा. बर्फ पडलं, कुत्रं मोकाट सुटलं, वाटेवर झाड आडवं झालं, तरी फोन त्यालाच.

एवढ्याशा माणसाची दिल्लीदरबारी किंमत काय, म्हणजे त्यांच्या पॅरिसदरबारी? भरपूर. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायचं तर निदान 500 लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, त्याही कमीत कमी तीस देपार्तमाँमधून. सह्या करू शकणाऱ्यांत सर्वांत मोठा गठ्ठा मेयर लोकांचा. त्यामुळे दर पाच वर्षांनी छोट्या पक्षांचे कार्यकर्ते साठ-सत्तर वस्तीच्या गावांचे रस्ते तुडवताना दिसतात. 2017 पासून सही करणाऱ्या प्रत्येकाचं नाव जाहीर होतं आणि तेव्हापासून पुष्कळ मेयर हात आखडता घेतात. गावात उगाच तोंडं फिरायला नकोत. सिनेटचे सभासदही मुख्यतः कम्यूनच्या मंडळांनी पाठवलेले प्रतिनिधी निवडतात. मग कम्यून मोडायचा कायदा सिनेटमधून सुखासुखी कसा जाणार?

म्हणून पॅरिसने वेगळी तऱ्हा धरली. मोडायचं काही नाही, वरून चढवत जायचं. कम्यूनच्या वर देपार्तमाँ आहेत, आज 101. त्यांच्या पोटात उपप्रीफेक्टचे विभाग. वर 18 प्रांत. कँटन 1790 पासून आहेत, पण आता ते देपार्तमाँच्या निवडणुकीपुरते उरले आहेत. 2015 पासून प्रत्येक कँटनमधून एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी निवडून येते आणि त्यासाठी कँटनची संख्या जवळजवळ निम्मी केली गेली. यात खरी ताकद आली आहे ती 1992 च्या कायद्याने पुढे आणलेल्या कम्यूनसंघांकडे. 2015 च्या कायद्याने अशा संघात, डोंगराळ आणि विरळ वस्तीचे अपवाद सोडले तर, निदान 15,000 लोकसंख्या हवी असं ठरवलं. कचरा, पाणी, उद्योगांच्या जागा हे विषय हळूहळू तिकडे गेले. कचऱ्याची गाडी आली नाही की शिव्या मात्र मेयरलाच.

वरच्या थरांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. कम्यूनच्या खाली काय आहे, हे फ्रान्समधल्या शहरी माणसालाही धड ठाऊक नसतं.

मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागात, ओव्हेर्न आणि लिमुझँकडे, एका कम्यूनमध्ये मुख्य गाव आणि आजूबाजूला पसरलेल्या दहा-वीस वाड्या असतात. यातल्या कित्येक वाड्यांची स्वतःची सामाईक मालमत्ता आहे: कुरण, रान, पाण्याचा हौद, भाकरीची भट्टी. ती कम्यूनची नाही आणि कुणा एकाचीही नाही. कायद्यात याला कम्यूनची सेक्सियाँ म्हणतात. क्रांतीच्या काळातल्या, 1793 च्या सामाईक जमिनींच्या कायद्यातही ती सापडते. हक्क रक्ताचा नसून मुक्कामाचा आहे. जो वाडीत कायम राहतो तो हक्कदार. पॅरिसला गेलेल्या मुलाचा हक्क सुटला, आणि गेल्या वर्षी शहरातून येऊन पडकं घर नीट करून राहिलेल्या जोडप्याला तो मिळाला. यावरून वाड्यावाड्यांत काय रामायणं होत असतील, हे सांगायला नको.

हक्क मिळतो तो वस्तूरूपाने: गुरं चारायची, सरपण न्यायचं. रोख पैसा वाटून घेता येत नाही. झाडं विकली किंवा जमीन भाड्याने दिली, तर तो पैसा त्या वाडीच्याच कामाला लावावा लागतो; कम्यूनचा खड्डा बुजवायला नाही. मेयर लोकांना ही भानगड वाटते आणि एका अर्थी ती आहेही. 2013 च्या कायद्याने नव्या सेक्सियाँ बनवायला बंदी घातली आणि जुन्यांची मालमत्ता कम्यूनकडे वळवणं सोपं केलं. तरीही हजारो टिकून आहेत. कुरण आपलं आहे ही भावना असेल तिथे कुंपण दुरुस्त राहतं, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही.

सरपणाचा असाच हक्क पूर्व फ्रान्समध्ये कम्यूनच्या जंगलावर आहे. मंडळ कुठली झाडं द्यायची ते ठरवतं, खुणा होतात, लाकडाचे वाटे पडतात. वाटा चुलीमागे एक. कुणाला कुठला वाटा, यासाठी अनेक गावांत चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे उताराच्या अडचणीतला वाटा आपल्यालाच का, अशी कुरकुर नको. मिळालेलं जळण विकायचं नाही, असा नियमही आहे.

आणि पत्ते. परवापरवापर्यंत हजारो गावांत रस्त्याला नाव नव्हतं आणि घराला नंबर नव्हता. वाडीचं नाव लिहिलं की पोस्टमन जाणत असे. रुग्णवाहिका जाणत नाही, इंटरनेटची तार टाकणारी कंपनी तर त्याहून नाही. 2022 च्या कायद्याने लहान कम्यूननाही रस्त्यांना नावं देणं भाग पडलं. ज्या मंडळांत कधी आवाज चढला नव्हता, तिथेही चढावा असा हा विषय.

कम्यून एकत्र करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. 1971 च्या कायद्याने वरून दट्ट्या दिला आणि हाती फारसं काही लागलं नाही. झालेल्या जोड्यांतल्या काही पुन्हा फुटल्या. 2010 च्या कायद्याने ‘नवी कम्यून’ आणली. जुन्या गावाचं नाव, कचेरी आणि उपमेयर राहतील, तिजोरी तेवढी एक होईल, असा तो तोडगा. त्याला खरी गती आली 2015 मध्ये, जेव्हा केंद्राचं अनुदान घटत होतं आणि एकत्र येणाऱ्यांचं तीन वर्षं घटवणार नाही असं आश्वासन मिळालं. 1 जानेवारी 2016 ला नॉर्मंडीत लिव्हारो या चीजच्या गावाभोवतीच्या 22 कम्यून एक झाल्या. मेन-ए-ल्वार देपार्तमाँमध्ये तर कम्यूनची संख्या जवळपास निम्म्यावर आली. पण त्याच नॉर्मंडीत त्रोआर्न आणि सानरव्हिल यांची 2017 मध्ये झालेली सालिन ही कम्यून कोर्टकचेऱ्यांनंतर तीन वर्षांतच मोडली.

ही व्यवस्था भारतातही येऊन गेली आहे. 1880 मध्ये फ्रेंचांनी पुद्दुचेरी आणि कारैकल भागात कम्यून स्थापल्या. 18 ऑक्टोबर 1954 रोजी किळूर इथे विलीनीकरणावर मतदान झालं ते आम जनतेचं नव्हतं. प्रतिनिधी सभेचे आणि नगरमंडळांचे मिळून 178 सभासद मत द्यायला आले आणि त्यांतल्या 170 जणांनी भारताच्या बाजूने कौल दिला. पुद्दुचेरी केंद्रशासित प्रदेशात आजही दहा ‘कम्यून पंचायती’ आहेत.

खुद्द फ्रान्समध्ये सध्या चर्चा आहे ती मतपत्रिकेची. हजाराखालच्या कम्यूनमध्ये मतदार छापील यादीतली नको ती नावं खोडून हवी ती लिहू शकत असे, आणि कोणाचं नाव किती जणांनी खोडलं, हे मोजणी संपायच्या आत गावभर व्हायचं. मे 2025 च्या कायद्याने ते बंद केलं. मार्च 2026 च्या निवडणुकीपासून तिथेही बंद यादी, एक पुरुष एक स्त्री या क्रमाने. शंभराखालच्या गावात मंडळ सात जणांचं. पाच निवडून आले तरी ते पूर्ण धरतात. चाळीस म्हाताऱ्यांच्या गावात ही यादी कशी जुळवतात, ते पुढच्या लेखांकात.