पात्यांनी तापवलेलं सूप

पुण्यात आमच्या स्वयंपाकघराच्या छताला एक नारिंगी डाग आहे. पाहुणे दारात आणि टोमॅटोचं सार गॅसवर, अशा घाईत मी उकळतं सार मिक्सरच्या भांड्यात ओतलं, झाकण दाबलं आणि बटण फिरवलं. झाकण उडालं, सार छताला लागलं, मनगटावर फोड आले. पाहुण्यांना वरणभातावर भागवावं लागलं. तेव्हापासून गरम पातळ काही मिक्सरमध्ये घालायचं नाही, असा घरचा कायदाच झाला. त्यामुळे क्लीव्हलंडला धाकट्या बहिणीकडे गेले असताना ती म्हणाली, "ताई, आज सूप ब्लेंडरमध्येच करू, गॅस लावायचाच नाही," तेव्हा मी आधी दोन पावलं मागे सरकले.

तिचा ब्लेंडर आपल्या मिक्सरचा दांडगा चुलतभाऊ म्हणावा असा. जवळजवळ दोन लिटरचं पारदर्शक भांडं, वर जाड रबरी झाकण, झाकणाच्या मधोमध काढता-घालता येणारी छोटी टोपी. तळाशी चार पाती. मी भीत भीत बोट लावून पाहिलं, तर पाती बोथट! वेगच इतका असतो की धारेची फारशी गरज पडत नाही. आपला घरचा मिक्सर साधारण ५०० ते ७५० वॉटचा. पाच मिनिटं चालवा, मग दोन मिनिटं थांबवा, असं त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही. हे यंत्र मात्र सहा-सात मिनिटं सलग चालायलाच बनवलेलं.

चार टोमॅटो, एक गाजर, अर्धा कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, मूठभर काजू, मीठ, पाणी. सगळं कच्चं, सगळं गार. सुरुवात सगळ्यात कमी वेगावर. गाजराचे तुकडे भांड्याच्या भिंतीवर आपटून खडखडत होते. वेग वाढवला तशी खडखड मावळून गुरगुर आली आणि शेवटी एकसुरी किंकाळी. बोलणं बंद, खाणाखुणा सुरू. मधोमध खोल भोवरा पडला. वरचं सगळं त्यात ओढलं जाऊन कडेनं पुन्हा वर येत होतं. हा भोवरा दिसला म्हणजे काम नीट चाललंय. भोवरा मोडून पाती नुसतीच रिकामी फिरू लागली, तर खाली हवेची पोकळी धरली असं समजायचं आणि टोपी काढून सोबतच्या जाड दांड्यानं ढकलायचं. तोच दांडा, दुसरं काही नाही. चमचा घातलात तर चमच्याचंही सूप होईल.

बहिणीच्या नवऱ्याला घरी पाव भाजायचा नाद, म्हणून घरात थर्मामीटर होता. दर दोन मिनिटांनी यंत्र थांबवून आम्ही तो बुडवला. सुरुवातीला २२ अंश. मग ३९. मग ५६. सहा मिनिटांनी ७२, आणि टोपीच्या भोकातून चक्क वाफ.

खाली तापणारी तार वगैरे काही नसते. मोटर पातळाला घुसळते, पातळाचे थर एकमेकांवर घासतात आणि घुसळण्याचे सगळे श्रम शेवटी उष्णतेत जमा होतात. जेम्स जूल या इंग्रजानं १८४० च्या दशकात हेच मोजलं होतं. वजनं खाली सोडून त्यांच्या जोरावर त्यानं पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापतं ते पाहिलं. गडी दारूभट्टीवाल्याचा मुलगा, तापमानाच्या बारीक नोंदी ठेवणं त्याच्या घरच्या धंद्यातलंच. त्याचं पाणी अंशाच्या जेमतेम तुकड्यानं तापायचं, आमचं पन्नास अंशांनी. क्लीव्हलंडजवळच्याच व्हायटामिक्स कंपनीनं १९६९ मध्ये गरम सूप करू शकणारा घरगुती ब्लेंडर बाजारात आणला. तेव्हा ही जादू तशी जुनीच.

आता चव. मऊपणाला तोड नाही. टोमॅटोची साल, बी, गाजराचा चोथा, कशाचाही मागमूस नव्हता. गाळणं लागलं नाही. पण दुसऱ्या घोटाला कच्चा कांदा नाकात गेला. कांदा-लसणाची पेशी फुटली की त्यांचा उग्रपणा तयार होतो. आम्ही तर एकही पेशी शिल्लक ठेवली नव्हती. कांदा तांबूस, गोड होतो तो तेलात, शंभर अंशांच्या बराच वर. ७२ अंशांचं पाणी ते काम कधीच करणार नाही. हे यंत्र सूप तापवतं, शिजवत नाही. हा फरक चवीपुरताच असता तर चाललं असतं. पण कच्चा राजमा यात घालू नका. त्यातला विषारी अंश जायला भिजवलेला राजमा चांगला खळखळून उकळावाच लागतो. कच्च्या चिकनचीही तीच गत.

दुसऱ्या दिवशी मी सूत्रं हातात घेतली. लाल भोपळ्याच्या फोडी ओव्हनमध्ये कडा काळपट होईपर्यंत भाजल्या, कांदा-लसूण लोण्यात परतला, थोडं आलं. मग ब्लेंडर, फक्त तीन मिनिटं. बटाटा मुद्दाम टाळला. एवढ्या वेगात त्यातला स्टार्च मोकळा होऊन धोतराला घालायची खळ तयार होते. यावेळी जिन्नस गरम होते म्हणून भांडं निम्मंच भरलं, मधली टोपी काढून भोकावर फडकं सैल टाकलं आणि वेग अगदी कमीपासून वाढवला. माझ्या छतावरच्या डागाचा उलगडा तिथे झाला. गरम पातळ एकदम उसळतं, आतली हवा आणि वाफ क्षणात फुगते आणि वाट नसली की झाकणच घेऊन बाहेर पडते. आपल्या मिक्सरच्या बऱ्याच झाकणांना अशी वाट नसते. तेव्हा सार कोमट होऊ द्या, मगच फिरवा.

सूप रेशमासारखं झालं. हवा मिसळल्यानं रंग जरा फिकट दिसला, दहा मिनिटं ठेवल्यावर फेस बसून गडद झाला. वरून घालायला बहिणीनं पळीत तूप तापवलं, जिरं आणि लाल मिरची टाकली. ब्लेंडर एवढा कोकलत होता तेव्हा मुकाट असलेला छतावरचा धुराचा भोंगा त्या पळीभर फोडणीनं वाजायला लागला.