निरोगी कोंबडी, स्वच्छ अंडं

मंडळी, मागच्या वेळी आपण कार्यकारणभावावर बोललो होतो. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ, स्वयंपाकघरातलं.

३ डिसेंबर १९८८. ब्रिटनच्या कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी टीव्हीवर म्हणाल्या की, देशातलं बहुतेक अंड्यांचं उत्पादन साल्मोनेलानं बाधित आहे. अंड्यांचा खप कोसळला, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. आता हे 'बहुतेक' नेमकं कशाला लागतं, अंड्यांना की कोंबड्यांच्या कळपांना? अंड्यांना लावलं तर विधान साफ चुकीचं, कारण बाधित अंडी फार थोडी होती. पण साथ मात्र खरीच होती, बरं का!

एरवी आपण समजतो की, जंतू विष्ठेतून कवचाला लागतात. अंडं पुसलं की झालं. पण या साल्मोनेलाची एन्टरायटिडिस नावाची जात कोंबडीच्या अंडाशयात ठाण मांडते. कवच तयार होण्याआधीच जंतू आत. कोंबडी दाणे टिपते, अंडी देते, आजारी मुळीच दिसत नाही. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता इथे पुरावा म्हणून कुचकामी ठरते.

मांसाची वाट वेगळी. जंतू असतात आतड्यात. कापताना, पिसं काढताना ते कातडीला लागतात. आपल्याकडे चिकन नळाखाली खळाखळा धुतात. त्यानं जंतू जात नाहीत, उलट शिंतोडे ओट्यावर उडतात. रस्सा उकळतो, त्यात ते मरतात; पण त्याच पाटावर, त्याच सुरीनं चिरलेली काकडी तर आपण कच्चीच खातो! आणि ताप, जुलाब, मुरडा सुरू व्हायला सहा तासांपासून सहा दिवसही लागतात. तोवर सगळा ठपका काल रात्रीच्या भेळेवर. नुकतं घडलं तेच कारण, ही चूक आपण सगळेच करतो.

ब्रिटनमध्ये उपाय निघाला तो कोंबड्यांच्या खुराड्यात. १९९८ पासून सिंहाचा शिक्का असलेली अंडी लस टोचलेल्या कोंबड्यांचीच. २०१७ मध्ये तिथल्या अन्न यंत्रणेनं सांगितलं की, या शिक्क्याची अंडी गरोदर बायका, तान्ही मुलं आणि आमच्यासारखे म्हातारेसुद्धा अर्धवट उकडून खाऊ शकतात. कच्च्या चिकनला मात्र ही सवलत नाही. ते धुवायचं नाही, आतपर्यंत शिजवायचं, आणि पाट, सुरी, हात साबणानं धुवायचे.