वर्ग शोधताना सातबारा वाचा

● किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला.

● मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास केला. जमिनीचे पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावे होत गेले आणि कसणारे गोंड जमिनीला मुकले, हे त्यांनी नोंदवले.

● मार्क्सच्या मते वर्ग ठरतो उत्पादन साधनांच्या मालकीवर. वेबर दर्जा आणि सत्ताही पाहतो. किनवटमध्ये दोन्ही कसोट्या लागतात.

● आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४चा अधिनियम केला.

● सातबाराच्या नमुना सातमध्ये मालकी दिसते, नमुना बारामध्ये पीक. सर्वेक्षणाला जाल तेव्हा उत्पन्नाआधी विचारा: जमीन कोणाच्या नावावर, आणि राबतो कोण?