हजिऱ्यावरचं दाट आकाश

गुजरातमधली हजीरा ते घोघा ही रो-पॅक्स, म्हणजे वाहनं आणि प्रवासी नेणारी फेरी २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली. खंबातच्या आखातातले प्रवाह जोरदार, वाळूचे दांडे अवघड. म्हणून जहाजाला आपली जागा नेमकी कळणं इथे फार महत्त्वाचं. ती जागा सांगणाऱ्या रेडिओ लहरींबद्दल मात्र गैरसमज पुष्कळ आहेत.

गैरसमज : जीपीएस चुकतं ते ढगांमुळे आणि पावसामुळे.

ढग-पावसाचा परिणाम किरकोळ असतो. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि तिथून निघालेली लहर आयनांबर हा वातावरणाचा वरचा थर ओलांडून खाली येते. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी तिथल्या अणूंपासून सुटे झालेले इलेक्ट्रॉन लहरीला उशीर लावतात. यंत्र तो उशीर अंतर म्हणून मोजतं. सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत ही चूक १० मीटरच्या पुढे जाऊ शकते.

गैरसमज : हा थर सर्वांत दाट विषुववृत्तावर, गुजरातला त्याची काय झळ?

उलट आहे, आणि मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथलं विद्युतक्षेत्र आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मिळून प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचं मिश्रण, वर उचलतात. मग तो चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतो, एखाद्या कारंज्यासारखा. उत्तरेकडचा ढीग साठतो तो अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. हजीरा त्याच्या दक्षिण उतारावर येतं. म्हणजे चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या केरळातल्या थुंब्यापेक्षा दुपारी इथल्या डोक्यावर इलेक्ट्रॉन बहुधा जास्तच असतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत या थराचा अभ्यास अनेक दशकं चालला आहे. सुरतच्या एसव्हीएनआयटी या तंत्रज्ञान संस्थेतही जीपीएसच्या लहरींवरून त्याचं मोजमाप झालं आहे.

गैरसमज : सूर्य मावळला की सगळं शांत.

मध्यम लहरींच्या रेडिओपुरतं पाहिलं तर रात्र खरंच सोयीची. दिवसा लहरी शोषून घेणारा खालचा ‘डी’ थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परततात आणि दूरची आकाशवाणी केंद्रं ऐकू येतात. उपग्रहांच्या लहरींचं तसं नाही. सूर्यास्तानंतर विषुववृत्ताजवळ प्लाझ्माचे विरळ बुडबुडे उसळतात आणि चुंबकीय रेषांच्या बाजूने गुजरातच्या आकाशापर्यंत पसरतात. त्यातून येणारी लहर लुकलुकते, कधी तुटतेही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे मुख्य महिने.

गैरसमज : मोबाईलची रेंज गेली, म्हणजे सौरवादळ.

टॉवर जमिनीवर, फोनही जमिनीवर. त्या लहरींची वाट आयनांबरातून जातच नाही.

गैरसमज : नवी यंत्रं हा प्रश्न पूर्ण सोडवतात.

अर्धाच. कमी वारंवारितेच्या लहरीला उशीर जास्त होतो, त्यामुळे दोन वारंवारिता वापरल्या की फरकावरून तो काढता येतो. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ यंत्रणा नागपूर, गोवा, अहमदाबाद अशा केंद्रांवरून मोजून दुरुस्त्या पाठवते. पण बुडबुड्यात लहरच तुटली तर दुरुस्ती लावायची कशाला? अशा संध्याकाळी आखातात रडार आणि दिव्यांवर नजर ठेवणारा खलाशी हवाच.